तारणाची खात्री कुठून येते?

"बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, प्रभुभोजनही घेतो. तरी आज मरण आलं तर प्रभू मला स्वीकारील का, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही." पाळकांना हे वाक्य बऱ्याचदा ऐकावं लागतं, उपासना संपून मंडळी पांगली की, हळू आवाजात. बोलणारा नवखा असतोच असं नाही. वर्षानुवर्षं गायनवृंदात गाणारी, महिला मंडळाच्या सभा चालवणारी माणसंही हे विचारतात.

त्यांना मिळणारी उत्तरं ठरलेली असतात. प्रार्थना वाढवा, उपास करा, विश्वास दृढ करा. सल्ले वाईट नाहीत, पण तिन्ही माणसाला पुन्हा स्वतःकडेच बघायला लावतात: माझी प्रार्थना पुरेशी आहे का, माझा विश्वास पुरेसा आहे का? ज्याला आधीच स्वतःचा भरवसा वाटत नाही, त्याची बेचैनी अशाने वाढते. खात्री डळमळते तेव्हा पुष्कळदा तारणारा कोण आणि त्याने काय केलं, हे नीट शिकायचं राहून गेलेलं असतं. पौलाने तीताला आणि तीमथ्याला लिहिताना सुशिक्षणाचा आग्रह पुन्हापुन्हा धरला (तीत २:१, २ तीमथ्य ४:३), तो पंडित घडवण्यासाठी नव्हे. क्रेतातल्या आणि इफिसातल्या साध्या माणसांना रोजचं जगणं आणि मरण निभावता यावं, म्हणून.

रमाबाईंची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंचं चरित्र मराठी ख्रिस्ती घरांत ठाऊक असतं. दुष्काळ, केडगावचं मुक्ती मिशन, विधवांसाठी केलेलं काम हे सगळं सांगितलं जातं. त्यांच्या विश्वासाच्या प्रवासातली आठ वर्षं मात्र सहसा सुटून जातात.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. कोणी सांगितलं आणि यांनी मान डोलावली, असा प्रकार नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात संस्कृत शिकलेल्या आणि कोलकात्याच्या विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या या बाईंनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर पत्रांतून कडक वाद घातले. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांना पटत नव्हतं. शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, हा त्यांचा हेका.

पुढे त्या भारतात परतल्या, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. बाहेरून पाहता काही कमी नव्हतं. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की, बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षं धर्म हाती लागला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मात्र लागला नव्हता. त्या आठ वर्षांच्या शेवटाकडे विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हॅस्लम स्वतः धर्मोपदेशक असूनही बरीच वर्षं नव्या जन्माविना उपदेश करत होता. ते वाचून रमाबाईंनी स्वतःलाच तपासलं. मग त्यांना एक गोष्ट उमगली: तारण ही जात, लिंग, विद्या किंवा पुण्यकर्म यांवर मिळणारी वस्तू नसून ख्रिस्तामुळे पाप्याला आज, आत्ता, फुकट मिळणारी देणगी आहे. त्यांची बेचैनी तिथे शमली.

यातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. रमाबाईंनी विचारलेले प्रश्न त्यांना शास्त्राकडेच घेऊन गेले. आणि त्यांची खात्री एखाद्या मोघम अनुभवातून आली नाही. पापी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या नेमक्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडलं, आणि अनुभव त्या उत्तरामागून आला. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते बायबल त्यानंतर प्रसिद्ध झालं.

भावना येते, जाते

जॉन वेस्लीची गोष्टही अशीच आहे. तो अभिषिक्त पाळक होता, जॉर्जियात मिशनरी म्हणून जाऊन हताश होऊन परतला होता. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत त्याच्या मनाला आगळी ऊब जाणवली, हे मेथडिस्ट मंडळ्यांत अजून सांगितलं जातं. त्या वेळी तिथे काय चाललं होतं, हे मात्र सांगायचं राहतं. कोणीतरी रोमकरांस पत्रावर मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचून दाखवत होतं. गाणं नव्हे, चमत्काराची साक्ष नव्हे. विश्वासाने नीतिमान ठरण्याचं विवेचन. शिकवण कानावर पडली आणि भावना तिच्यामागे आली.

आपल्याकडे हा क्रम उलटतो. तीन दिवसांच्या शिबिरात डोळे भरून येतात, माणूस हात उंचावून पुढे जातो. महिनाभराने ती उभारी ओसरली की त्याला वाटतं, तारणही ओसरलं. हा दोष शिबिराचा नाही. तिथे मिळालेल्या भावनेला आधार म्हणून काय शिकवलं गेलं, हा प्रश्न आहे.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये एकजण आरामात डुलकी काढतो, दुसरा कठडा घट्ट धरून बसतो. दोघेही मांडव्यालाच उतरतात, कारण पार नेणारी लाँच आहे. प्रवाशाचं धैर्य नव्हे. मार्क ९ मधल्या बापाचं असंच झालं. आजारी मुलाला घेऊन आलेल्या त्या माणसाने आपला विश्वास आणि आपला अविश्वास दोन्ही एकाच दमात येशूपुढे कबूल केले. येशूने त्याला विश्वास वाढवून उद्या या, असं सांगितलं नाही. मुलगा त्याच वेळी बरा झाला.

चार प्रश्न, जे स्वतःला विचारावेत

सुशिक्षण म्हटलं की ग्रंथांचे ढीग डोळ्यांसमोर येतात. खात्रीपुरतं बोलायचं तर चार प्रश्नांची उत्तरं स्पष्ट असली तरी पुष्कळ झालं.

*येशू कोण आहे?* चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा आरियस शिकवत होता की, पुत्र थोर आहे, पण निर्माण केलेला आहे. त्याला आरंभ आहे. ऐकायला हा फरक बारीक वाटतो. पण पाप देवाविरुद्ध घडलेलं आहे. कोणा निर्माण झालेल्या जीवाने येऊन देवाच्या वतीने क्षमेचा शब्द दिला, तर तो अखेरचा कसा मानायचा? म्हणून ३२५ साली नायसिया इथे जमलेल्या धर्माध्यक्षांनी पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असं ठामपणे लिहून ठेवलं. पुढे याच मुद्द्यासाठी अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. २०२५ साली त्या परिषदेला १,७०० वर्षं झाली. रविवारी तो विश्वासांगीकार म्हणताना आपण जुनी कागदपत्रं वाचत नसतो. माझी क्षमा खुद्द देवाने दिली आहे, हे म्हणत असतो.

*वधस्तंभावर काय घडलं?* पौल आपल्याला मिळालेल्या शिकवणीतली पहिली गोष्ट म्हणून सांगतो की ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, आणि हे शास्त्राप्रमाणे झालं (१ करिंथ १५:३-४). येशूच्या मरणाकडे फक्त त्यागाचा आदर्श म्हणून पाहिलं, तर आपल्यावर आणखी एक ओझं येतं: आता आपणही तितकंच द्यायला हवं. पापाचं ऋण तिथे फेडलं गेलं, असं शास्त्र सांगतं, तेव्हा ते ओझं उतरतं.

*ते माझं कसं होतं?* गलतीकरांना लिहिताना पौलाचा सूर एवढा तिखट का, हे पाहण्यासारखं आहे. तिथले शिक्षक ख्रिस्ताला नाकारत नव्हते. ख्रिस्तावर विश्वास ठेवा आणि सुंताही करून घ्या, एवढंच ते म्हणत होते. त्या 'आणि'मुळे सगळा डोलारा कोसळतो, असं पौलाचं म्हणणं, कारण 'आणि'नंतर येणारी गोष्ट पुरी झाली की नाही, हे माणसाला कधीच नक्की कळत नाही. रोम ४ मध्ये तो दाखवून देतो की, अब्राहाम सुंतेच्या आधीच नीतिमान ठरला होता.

*मला शेवटपर्यंत कोण धरून ठेवतं?* रोम ८ मध्ये पुत्र आपल्यासाठी विनंती करतो, आत्मा आपण देवाची मुलं असल्याची साक्ष देतो. इफिस १ मध्ये तोच आत्मा वारशाचा विसार म्हणून दिला आहे. पकड कोणाची, हे तिथे स्पष्ट आहे.

खात्री पोखरणाऱ्या शिकवणी

चुकीची शिकवण दरवेळी उघड पाखंड म्हणून येत नाही. बऱ्याचदा ती प्रेमळ आवाजात, व्यासपीठावरून किंवा मोबाइलवरून येते. आपल्या मंडळ्यांत फिरणारे चार प्रकार ओळखता यायला हवेत.

पहिला: विश्वास कमी पडला म्हणून आजार गेला नाही. ज्या आईचं मूल अंथरुणाला खिळलं आहे, तिच्या पदरात हे वाक्य टाकणारा माणूस निघून जातो आणि ती आयुष्यभर स्वतःला दोष देत बसते. तिला चार ओव्या वाचून दाखवाव्यात. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवूनच पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटाच्या वारंवारच्या दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला (फिलिप्पै २:२७). खुद्द पौलाच्या देहातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही (२ करिंथ १२:८-९). आजाऱ्यासाठी जरूर प्रार्थना करावी, देव बरं करतोही. बरं न झालेल्याच्या तारणावर बोट ठेवायचा अधिकार मात्र कोणालाही दिलेला नाही.

दुसरा: दान पेरा, दसपटीने उगवेल. धंदा बसला किंवा पोराला नोकरी लागली नाही की, मग देव आपल्यावर रुसला असं वाटू लागतं. पौलाची बरीच पत्रं तुरुंगातून लिहिलेली आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी या शिकवणीचा खोटेपणा कळतो.

तिसरा: तुमच्या घराण्यावर शाप आहे, तो तोडायला खास सभा लागेल. करणी-भानामतीच्या भीतीत वाढलेल्या समाजात ही शिकवण लवकर रुजते. जुनी भीती फक्त नवं नाव घेते. यहेज्केल १८ मध्ये देव स्पष्ट सांगतो की बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही. गलती ३:१३ सांगतं की ख्रिस्ताने शाप स्वतःवर घेतला. या दोन्हींनंतर उरलेला शाप काढायला कोणा माणसाची गरज पडत असेल, तर वधस्तंभाचं काम अर्धवट राहिलं असं म्हणावं लागेल.

चौथा प्रकार उलट टोकाचा: एकदा प्रार्थना म्हटली की झालं, मग कसंही जगा. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय याला उत्तर देतो. ही शिकवण देते ती खात्री नसते, गुंगी असते.

एक वचन उघडून पाहू

सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रासह येणाऱ्या वचनांत यिर्मया २९:११ बहुधा सगळ्यांत जास्त फिरतं. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, भविष्याची आशा आहे, असा त्याचा आशय. मुलाखतीला निघालेला तरुण ते वाचतो, नोकरी मिळेल असं मानतो. नोकरी मिळत नाही आणि वचनावरचाच विश्वास उडतो.

आता अध्याय २८ पासून वाचा. यरुशलेमेतले अनेक लोक बाबेलला बंदिवासात गेले आहेत. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून जाहीर करतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जूही तो मोडून टाकतो. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. यिर्मया त्याला सांगतो की देवाने तुला पाठवलेलं नाही; त्याच वर्षी हनन्या मरतो. मग अध्याय २९ मध्ये यिर्मया बंदिवानांना पत्र लिहितो: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या ओवीत सत्तर वर्षांचा आकडा येतो, आणि अकराव्यात ते हिताचे संकल्प.

म्हणजे हे वचन ज्यांनी प्रथम ऐकलं, त्यांतले बरेचजण घरी परतण्याआधी बाबेलातच वारणार होते. देव विश्वासू होताच; त्याचा काळ मोठा होता. हे समजून घेतलेला तरुण नोकरी नाकारली गेल्यावरही त्याच वचनाला धरून राहू शकतो. दोन वर्षांचं गोड आश्वासन देणारे आजही भेटतात. त्यांना ओळखायचं तर अध्याय पूर्ण वाचण्याखेरीज उपाय नाही.

शिकायचं कसं

सुशिक्षण हे सेमिनरीतल्या लोकांचं काम, हा समज काढून टाकावा. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर इथल्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. त्यांनीच कोकणीत लिहिलेली प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली राचोल इथे छापली गेली. एक ऐकायला, एक पाठ करायला. शेतकऱ्याला आणि कारागिराला शिकवण कळावी, हीच त्यामागची खटपट होती. आपल्याला तर त्यांच्यापेक्षा कितीतरी साधनं उपलब्ध आहेत.

एखादं छोटं पत्र निवडून महिनाभर तेच वाचा. योहानाचं पहिलं पत्र यासाठी उत्तम. पाच अध्याय, १०५ ओव्या. एका बैठकीत वाचून होतं. ते कशासाठी लिहिलं, हे योहान त्याच पत्रात ५:१३ मध्ये सांगतो: विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन लाभलं आहे, हे त्यांना कळावं म्हणून. वाचताना तीन गोष्टी तो आलटून पालटून विचारतो, त्या वहीत तीन रकान्यांत टिपा: देहात आलेल्या पुत्रावर विश्वास, देवाच्या आज्ञा पाळणं, भावंडांवर प्रीती. यांपैकी एकच रकाना भरत असेल, तर काय बिनसलं आहे तेही कळतं. जुनी भाषा जड जात असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' शेजारी ठेवा.

विश्वासांगीकार नुसता म्हणू नका. दर आठवड्याला त्यातलं एकच वाक्य घ्या. त्याला शास्त्रात आधार कुठे, आणि हे वाक्य नसतं तर माझं काय बिघडलं असतं, हे दोन प्रश्न घरात जेवताना मुलांना विचारा. मुलं विचारतील ते उलटप्रश्न टाळू नका. उत्तर येत नसेल तर पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना विचारू, असं सांगा आणि खरंच विचारा.

प्रश्नोत्तरी वापरा. १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत १२९ प्रश्न आहेत आणि ते वर्षाच्या ५२ रविवारांत वाटून दिले आहेत. तिचा पहिलाच प्रश्न जगताना आणि मरताना माणसाचं एकमेव सांत्वन कोणतं, असा आहे. आणि मी माझा नसून ख्रिस्ताचा आहे, अशा अर्थाने उत्तर सुरू होतं. शिकवण आणि खात्री एकाच वाक्यात आणायची कशी, हे तिथे पाहायला मिळतं. कॅथलिक घरांत मुलांच्या धर्मशिक्षणाचं पुस्तक आईवडिलांनीही वाचावं.

गाणी पारखून गा. 'उपासना संगीत' उघडलं तर नारायण वामन टिळकांसारख्यांची पदं भेटतात. त्यांत देव कोण, पाप काय, कृपा काय हे गाता गाता कळतं. ज्या गाण्यात सगळा वेळ 'मला काय वाटतं' एवढंच असेल, ते गायला हरकत नाही, पण मुलांनी फक्त तेवढंच गाऊ नये.

संदेश ऐकल्यावर बिरुयाच्या लोकांसारखं वागा. पौलासारखा प्रेषित बोलून गेला, तरी ते रोज शास्त्र उघडून हे असंच आहे का, हे पाहत होते (प्रेषितांची कृत्ये १७:११), आणि लूक त्यांना उर्मट नव्हे, थोर मनाचे म्हणतो. घरी येताना चार गोष्टी तपासा. वचन कोणत्या संदर्भातलं होतं? ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान कुठे आलं, की फक्त सहा युक्त्या मिळाल्या? वक्त्याने लक्ष कोणाकडे वळवलं, प्रभूकडे की स्वतःकडे? दुःखात असलेला माणूस हे ऐकून देवाकडे धावला असता, की आणखी खचला असता?

जिथे मंडळ्यांचं एकमत नाही

तारण गमावता येतं का, या प्रश्नावर प्रेस्बिटेरियन परंपरा आणि वेस्लीची परंपरा यांची उत्तरं वेगळी आहेत. खात्रीच्या प्रश्नावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातही जुना वाद आहे. १५४७ साली ट्रेंट परिषदेने म्हटलं की, खास प्रकटीकरणाशिवाय कोणी आपल्या निवडीविषयी अचूक खात्री असल्याचं सांगू नये. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने म्हटलं की विश्वासणाऱ्याला अशी खात्री मिळू शकते; पण तिनेच पुढे जोडलं की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळायला बराच काळ लागू शकतो. १९९९ साली लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी ऑग्सबर्ग इथे जाहीरनाम्यावर सह्या करताना एवढं एकत्र मान्य केलं की विश्वासणारा देवाच्या दयेवर आणि अभिवचनांवर विसंबू शकतो.

यातून वाचकाने घ्यायचं ते असं: आपली मंडळी काय शिकवते ते नीट समजून घ्या, दुसरीची टर उडवू नका. आणि या साऱ्या परंपरा खचलेल्या माणसाला शेवटी ख्रिस्ताकडेच बघायला सांगतात, हे विसरू नका.

शंका आली तर आधी ती ओळखा

सगळ्या शंकांना एकच औषध चालत नाही. काही शंका न कळल्यामुळे येतात. त्यांना शिकवण लागते. काही शंकांच्या मागे लपवलेलं पाप असतं: पैशाचा घोळ, चोरटे संबंध, भावाशी वर्षानुवर्षं धरलेला अबोला. तिथे कितीही अभ्यास केला तरी शांती येत नाही. कबुली आणि भरपाई लागते. तिसऱ्या प्रकारच्या शंका शरीरातून आणि मनातून येतात. बाळंतपणानंतरची उदासी, खोल नैराश्य, पुन्हापुन्हा तेच पाप मोजत बसण्याचा आजार यांत माणसाला देवाने टाकल्यासारखं वाटतं. अशाला आणखी वचनं पाठ करायला लावू नका. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा, औषधं सुरू ठेवायला लावा आणि त्याच्याऐवजी तुम्ही प्रार्थना करा.

तिन्ही वेळी मंडळीपासून दूर जाऊ नका. बाप्तिस्मा एकदा झालेला आहे, तो तुमच्या मनःस्थितीबरोबर बदलत नाही. प्रभुभोजनात भाकर तुमच्या हातावर ठेवली जाते, तेव्हा ती तुमच्या नावाने दिलेली असते. खचलेल्या माणसाला याची गरज सर्वांत जास्त असते, आणि तोच नेमका शेवटच्या बाकावरून उठून जातो.

आणि एक सावधगिरी

प्रकटीकरण २ मध्ये इफिसच्या मंडळीला प्रभू आधी शाबासकी देतो: खोट्या प्रेषितांना तुम्ही पारखून बाहेर काढलंत. मग तो फटकारतो: तुमची पहिली प्रीती गेली. शुद्ध शिकवणीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक मंडळीने हा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचावा. ज्याला खरंच कळलं आहे की आपल्याला फुकट क्षमा मिळाली, तो चुकणाऱ्या भावाला फोडून काढत नाही. शिकवण शिकल्यानंतर माणूस अधिक कडवट झाला असेल, तर ती अजून घशाखाली उतरलेली नाही.

सुरुवात या रविवारपासून करा. दुपारी जेवणानंतर योहानाचं पहिलं पत्र घरात मोठ्याने वाचा, एकेकाने एकेक अध्याय. वाचून झाल्यावर प्रत्येकाने न कळलेली एक ओवी सांगावी आणि ती वहीत लिहावी. पुढच्या रविवारी ती वही पाळकसाहेबांपुढे ठेवा. पहिल्या खेपेला उत्तरं तोकडी पडली तरी बिघडत नाही. प्रश्न घेऊन आलेलं कुटुंब पाहून कोणताही चांगला पाळक पुढच्या आठवड्याची तयारी अधिक मनापासून करतो, आणि त्याचा लाभ साऱ्या मंडळीला होतो.